झाकून ठेवलेला घास

डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव होतं. तिथे सगुणाबाई आपल्या विधवा सुनेबरोबर, मैनाबरोबर, राहायची. दोघींचं पोट गोठ्यातल्या गाईंवर चालायचं, आणि गाई जगायच्या लसूणघासावर. सगुणाबाईच्या नवऱ्याने वर्षानुवर्षं चांगली रोपं निवडून हा घास वाढवला होता. रुंद पानं, दांडगी वाढ.

नवरा वारला आणि सगुणाबाईला काळजीने घेरलं. शेजारच्या धोंडिबाचा घास किरटा होता. मधमाश्या एका शेतातला पराग दुसऱ्या शेतात नेतात आणि बियाण्यात भेसळ होते, असं तिने बाजारात ऐकलं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिना. बियांसाठी राखलेल्या वाफ्यात कळ्या दिसताच तिने जुनी विरलेली लुगडी जोडून त्यावर मांडव घातला. माशी शिरू नये म्हणून कडा मातीत पुरल्या.

आत जांभळी फुलं भरभरून आली, पण शेंगा धरल्याच नाहीत. फुलं तशीच वाळून गळू लागली.

मैनाच्या एक लक्षात आलं. मिटलेलं फूल बोटाने दाबलं, की आतला दांडा टचकन बाहेर उसळतो, आणि अशा एखाद्या फुलालाच शेंग धरते. मग दोघी मांडवात वाकून फुलं दाबत बसल्या. पाठी मोडून आल्या, तरी बी मिळालं ते जेमतेम मूठभर. पुढच्या वर्षी ते पेरलं, तर रोपं विरळ आणि अशक्त उगवली. फुलाला त्याचाच पराग मिळाला होता, बाहेरचा नाही; अशा बियाण्याची रोपं दुबळीच निघतात.

इकडे जुनी रोपंही वय होऊन वाळत चालली. गाई दावणीशी हंबरायच्या, आणि तो आवाज आला की सगुणाबाई कानावर हात ठेवायची. आता शेवटचा एक वाफा फुलात येत होता. ती पुन्हा लुगडी घेऊन निघाली, तेव्हा मैना आडवी उभी राहिली.

“आत्याबाई, यंदा नका झाकू.”

“घासात खोट आली तर वर जाऊन तुझ्या मामंजींना काय तोंड दाखवू?”

“आणि बीच उरलं नाही तर? मामंजींनी कधी झाकला होता का वाफा?”

सगुणाबाईला आठवलं. कधीच नाही. ते माश्या येऊ द्यायचे, आणि उगवल्यावर किरटी रोपं उपटून टाकायचे. ती लुगडी घेऊन घरी परतली.

दुसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या. काही थेट धोंडिबाच्या शेतातून येत होत्या. त्यांना हाकलायला तिचा हात दोनदा उठला, पण तिने तो आवरला. फुलाफुलावर माश्या बसत होत्या, फुलं उघडत होती. वाफाभर पीळदार शेंगा धरल्या, तरी पेरलेलं उगवेपर्यंत तिला धीर नव्हता.

उगवण दाट झाली. त्यात काही रोपं किरटी निघाली. सगुणाबाईने ती एकेक करून उपटली. उरलेला घास गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा पहिला भारा तिने स्वतः गोठ्यात नेला आणि गाई खात होत्या तोवर तिथून हलली नाही.

मुलांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: भीतीने सगळ्या वाटा बंद केल्या, तर नको ते आत येत नाही, पण हवं तेही बाहेरच राहतं. येऊ द्यावं, आणि मग डोळे उघडे ठेवून निवडावं.