शांतवनबाबाचा डावा पाय

फार वर्षांपूर्वी, हिवरदऱ्याला अजून धड गाडीवाटसुद्धा नव्हती त्या काळी, ख्रिस्ती मंडळींच्या देवळामागे शांतवनबाबा राहायचा. चपला शिवायचा. मंडळी जेमतेम तीस घरांची, पण एक खोड होती तिला. गावातून कुणी सुवार्ता सांगायला बाहेर निघालं की साऱ्यांनी मिळून त्याची पाठवणी करायची. कुणी बाजरी द्यायचं, कुणी घोंगडी द्यायचं, आणि शांतवनबाबा पायताण द्यायचा. तेही एकदाच नव्हे. माणूस सातपुड्यात असो की समुद्रापार, दर वर्षी नवा जोड शिवून त्याला पाठवायचा.

प्रार्थना मात्र त्याला येत नसे. पाळकांनी उपासनेत प्रार्थनेसाठी त्याचं नाव घेतलं की हा उठायचा, घसा खाकरायचा, “प्रभू, त्यांना सांभाळ,” एवढं म्हणायचा आणि खाली बसायचा. बायका पदराआड हसायच्या. हसल्या त्या हसल्या, पुढे त्यांनाच रडावं लागलं.

त्याची खरी प्रार्थना ओट्यावर चालायची. निघणाऱ्याला तो फरशीवर उभं करायचा आणि पायाभोवती आरीने रेघ ओढायचा. ते चपलेचं माप. माणूस जायचा, पण दगडावर त्याचं पाऊल राहायचं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी शांतवनबाबा एकेका पावलावर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचा. त्या हाताला कळायचं, असं म्हणतात. पावसाने ओढ दिली होती अशा एका वर्षी, सातपुड्यात गेलेल्या आमोस मास्तरांचं पाऊल हाताला ओलंचिंब लागलं. बाबाने हात उचलला नाही, दिवसभर उपाशी तसाच बसला. पंधरा दिवसांनी सातपुड्यातून मास्तरांचं पत्र आलं. त्याच दिवशी ते नदीच्या लोंढ्यात सापडले होते, आणि तळव्याखाली कुणी हात द्यावा तसे वर आले होते. तेव्हापासून त्या ओट्यावर पाय द्यायला लोक बिचकू लागले.

मग शलोमी निघाली. पटकीत तिचे आईबाप एका आठवड्यात गेले होते, आणि शांतवनबाबाने तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. ती दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि मिशनबरोबर आफ्रिकेला निघाली, मोंबासाच्या पुढे पाच दिवसांच्या वाटेवर. निघायच्या दिवशी ती फरशीवर उभी राहिली. बाबाने नेहमीसारखी उजव्या पायाभोवती रेघ ओढली.

“आणि डावा हो, बाबा?” तिने विचारलं.

“दोन्ही कशाला? एक कळला की दुसरा कळतोच. चल, आगगाडी चुकेल.”

चपलांपुरतं ते बरोबरच होतं. पण आपला हात रोज त्याच रेघेवर टेकणार आहे, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

तीन वर्षं शलोमीचं पाऊल हाताला उबदार लागत राहिलं. चौथ्या वर्षी चैत्रातली गोष्ट. ऊन असं की ओट्यावर पाय भाजावेत. एक कोंबडी शलोमीच्या पावलाशेजारून गेली आणि किंचाळून उडाली. मग गावचं कुत्रं आलं, त्या जागेशी थांबलं आणि शेपूट घालून परत फिरलं. शांतवनबाबाने हात लावून पाहिलं. शलोमीचं पाऊल उबदार होतं. पण त्याच्या डाव्या अंगाला, जिथे रेघ नव्हती, तिथे दगड विहिरीच्या तळासारखा गार लागत होता. भर दुपारी तिथे ओल धरली होती आणि ती ओल हळूहळू काळी पडत चालली होती. तिचा आकार पावलाचा होता.

शांतवनबाबाच्या हातातली आरी गळून पडली. तो तसाच अनवाणी पाळकांकडे गेला.

“साहेब, माझं चुकलं. तीन वर्षं मी अर्ध्याच पोरीसाठी प्रार्थना केली.”

पाळक समजूतदार होते. “बाबा, देव काय मापं बघून ऐकतो का?”

“देव नाही बघत. मी बघतो ना. मला जेवढं दिसलं तेवढंच मी मागितलं.”

शांतवनबाबा परत आला, फरशीवर चढला आणि त्या काळ्या ओलीवर त्याने आपला डावा पाय ठेवला. “प्रभू,” तो म्हणाला, “तिचा सोड. हा घे.”

पाय दगडाला चिकटला, असं म्हणतात. चार गडी ओढून थकले, पण तो हलला नाही. ओल बोटांवरून वर चढली, घोट्यापर्यंत पाय काळा झाला. बाबाला उभं राहवेना आणि बसता येईना. तेव्हा त्याच पदराआड हसणाऱ्या बायका पुढे आल्या. दोघी दोन बाजूंनी बाबाला काखेत धरून उभ्या राहायच्या, त्या दमल्या की दुसऱ्या दोघी यायच्या. तीन दिवस कुणाच्या घरी चूल नीट पेटली नाही. सारी मंडळी ओट्याभोवती बसून एकच नाव घेत होती. प्रार्थना सुंदर करणारेही शेवटी “प्रभू, तिला सांभाळ,” एवढ्यावरच आले, कारण दुसरे शब्द उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दगड तापला आणि पाय सुटला. शांतवनबाबा बायकांच्या हातावर कोसळला. तो जगला, पण डावा पाय लाकडासारखा झाला. टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे.

दोन महिन्यांनी शलोमीचं पत्र आलं. पाळकांनी ते ओट्यावरच वाचलं. काट्याची जखम चिघळून तिचा डावा पाय काळा पडला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तो घोट्यावरून कापणार होते. आदल्या दुपारी, इकडे बाबाचा पाय सुटला त्याच दुपारी, तिला वाटलं, आपल्या पायात कुणीतरी स्वतःचा खरबरीत पाय घालतंय, चपलेत घालावा तसा. संध्याकाळपर्यंत काळेपणा उतरला. डॉक्टरांनी करवत परत ठेवली. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, “बाबा, आता मी चिखलातून चालते तेव्हा उजवं पाऊल माझं उमटतं. डावं मोठं उमटतं, आणि त्याची करंगळी वाकडी असते. पुढच्या जोडाचं डावं पायताण तुमच्या मापाचं शिवा.”

शांतवनबाबाने आपल्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं आणि तो लहान मुलासारखा रडला. दर वर्षी एक लहान, एक मोठं असा तो विजोड जोड मोंबासाला जात राहिला, आणि शलोमी त्या जोडावर गावोगाव हिंडत राहिली.

शांतवनबाबा गेला तेव्हा त्याला पेटीत ठेवणारे थबकले. सारं अंग गार होतं, एक डावा पाय तेवढा उबदार होता. कुणी म्हणालं, थांबू या. पाळक म्हणाले, “थांबून काय करणार? तो पाय इथला नाही. तो तिकडे चालतोय.” मग मंडळींनी गीत म्हटलं आणि माती दिली.

आजही हिवरदऱ्यातून कुणी सुवार्तेला निघालं की देवळाच्या फरशीवर त्याच्या एकट्या उजव्या पायाभोवती रेघ ओढतात. डाव्याचं माप घेत नाहीत. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सारे रांगेने येतात आणि त्या पावलाशेजारी आपापला डावा पाय टेकवून पुढे जातात. म्हणून आमच्या गावात कधी आलात आणि एखादा धडधाकट माणूस सकाळी उठल्यापासून उगाच डाव्या पायाने लंगडताना दिसला, तर त्याला वैद्याचं नाव सांगू नका. आम्ही त्याला एवढंच विचारतो, “कुणासाठी?” तो नाव सांगतो, आणि आम्ही हातातलं काम खाली ठेवून प्रार्थनेला बसतो.