मोरीचं माहेर

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात लवू तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, आणि रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या गावानं मिळून ओढायचं लांबलचक जाळं. लवूची ख्याती दोन गोष्टींसाठी. वाटे घालताना त्यानं कधी कुणाला फसवलं नव्हतं, आणि दिसेल त्या गोष्टीची चौकशी केल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे.

रापणीचा नियम सोपा होता. ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो गावचा असो की वाट चुकलेला पाहुणा. त्यातही जो दोराला पहिल्यांदाच हात लावील, त्यानं आपल्या आवडीचा मासा सगळ्यांच्या आधी उचलायचा. तेवढा नव्या माणसाचा मान.

त्या साली लवूची लेक शेवंती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पण शेवंतीला दूध पुरेना आणि पोर रडून रडून घर डोक्यावर घेऊ लागली. शेजारणी म्हणाल्या, "तिला मोरी खायला घाला." मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. मोरीच्या कालवणानं बाळंतिणीला दूध येतं, अशी तिकडची जुनी समजूत. लवू रोज जाळ्यात मोरी शोधायचा, आणि मोरी काही सापडायची नाही. त्याच्या तरुणपणी याच दिवसांत, याच खाडीच्या तोंडाशी मोऱ्या टोपल्या भरभरून मिळायच्या. आता औषधालाही एक दिसत नव्हती.

गावात तेव्हा मुक्ता नावाची एक मुलगी माशांचं संशोधन करायला येऊन राहिली होती. मूळची अकोल्याची. शार्क, पाकट, खडकातले रंगीत मासे, जाळ्यात जे येईल ते ती टेप लावून मोजायची.

"काय गो, माशांना झंपर शिवणार काय?" लवूनं विचारलं.

"मापं जुळली तर शिवीन," मुक्ता म्हणाली. "तांडेल, तुमच्या तरुणपणी मोरी केवढी मिळायची?"

लवूनं दोन्ही हात पसरले.

"आणि अलीकडे?"

लवूचे हात जवळ येत येत वीतभरावर आले.

"मग मोठ्या गेल्या कुठं?"

"दर्या काय लहान आहे? गेल्या असतील कुठंतरी," लवू म्हणाला. पण हे उत्तर त्याचं त्यालाच पटलं नाही. तो प्रश्न माशाच्या काट्यासारखा त्याच्या घशात अडकून बसला.

एके सकाळी मुक्तानं पदर खोचला... छे, पदर कसला, पँटच दुमडली आणि ती पहिल्यांदाच दोराला लागली. जाळं काठाशी आलं तेव्हा पुढं उभ्या असलेल्या लवूला त्यात मोरी दिसली. चांगली मोठी, पोट फुगलेली. त्याच्या काळजात आनंद मावेना. आणि लगेच त्याला आठवलं, आज पहिली निवड मुक्ताची. ही पोरगी मोरी सोडेल कशाला? हिचा सगळा जीव मोऱ्यांत. लवूला घरातलं रडणं ऐकू येऊ लागलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मोरी जाळ्यातून काढली आणि खडकाआडच्या पाण्याच्या डबक्यात सोडली. आयुष्यात पहिल्यांदा लवू तांडेलानं वाट्यात लबाडी केली.

मुक्तानं सगळा ढीग चाळला. पुन्हा चाळला. मग तारलीचे मूठभर छोटे मासे उचलून ती बाजूला झाली.

वाटे झाले, माणसं पांगली. लवू खडकाआड गेला आणि बघतच राहिला. मोरी व्याली होती. आईच्या अंगाभोवती पाच पिल्लं वळवळत होती, वीतभरही नसतील, पण आईसारखीच हुबेहूब. मोरीच्या पोटात पिल्लं असतात हे लवूला ठाऊक होतं. विळीवर चिरताना ती मेलेली दिसायची, मांजराला टाकली जायची. जिवंत जन्मलेली त्यानं आज प्रथम पाहिली. लपवलेला मासा लपवूनच ठेवायला हवा होता, पण लवूची खोड लाजेला भारी पडली. त्यानं मुक्ताला हाक मारली.

मुक्ता धावत आली. मोरी इथं कशी आली, हे तिनं विचारलं नाही.

"एवढीच होतात?" लवूनं विचारलं.

"एवढीच. बांगडा अंडी घालतो ढिगांनी. हिची मोजकी, आणि वाढायलाही वेळ घेतात."

"पण दरवर्षी इथंच का येतात?"

"उथळ पाणी, मोठे मासे शिरत नाहीत. पिल्लं सुखरूप राहतात. काही जातींच्या माद्या आपण जन्मलो तिथंच परत येतात. ही त्यातली आहे का, तेच तर मी शोधतेय."

लवूनं डबक्यातल्या पिल्लांकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी येतात."

लवूनं मान खाली घातली. "तू ढिगात काय शोधत होतीस?"

"हीच. ओढताना शेपटी दिसली होती. म्हटलं, शेवंतीला नेऊन द्यावी."

लवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोरी समोर होती, आता ती नेण्यात लबाडीही उरली नव्हती, आणि घरी पोर उपाशी होती. लवू कितीतरी वेळ तसाच उभा होता. शेवटी तो डबक्यात उतरला. मोरीला दोन्ही हातांवर घेऊन तो छातीभर पाण्यात गेला. ती जरा वेळ त्याच्या हातांवर पडून राहिली, मग शेपटी हलवून निघून गेली. पिल्लं मुक्तानं टोपात घालून उथळात सोडली.

लवू रिकाम्या हातांनी घरी गेला आणि लेकीला सगळं सांगून टाकलं. शेवंतीनं पोरीला थोपटत ऐकून घेतलं.

"बाबा, मला आणायला तुम्ही होडी घेऊन आलात," ती म्हणाली. "तिला आणायला आपण दरवर्षी जाळं घेऊन गेलो."

घशातला काटा त्या दिवशी निघाला. मोठ्या मोऱ्या कुठं गेल्या, ते लवूला कळलं.

शेवंतीला अळिवाची खीर आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी सुरू झाली. दूध आलं. खिरीनं आलं की आपसूक, देव जाणे. लवूनं गाव जमवलं, आपली लबाडी सांगितली आणि म्हणाला, मोरीच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी रापण लावायची नाही. लोक कुरकुरले, कारण लांब जाऊन ओढायचं म्हणजे खांदे निघतात. पण लवूनं पहिला दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला, मग कोण काय बोलणार?

काही वर्षांनी खाडीच्या उथळ पाण्यात पुन्हा काळ्या सावल्या फिरताना दिसू लागल्या. लवू नातीला घेऊन काठावर बसायचा. नात आजोबांवरच गेली होती.

"आजोबा, या कोण?" तिनं विचारलं.

"माहेरवाशिणी," लवू म्हणाला, आणि तिला नीट दिसावं म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतलं.

तात्पर्य: आपल्याला हवी ती गोष्ट येते कुठून, हे घेण्याआधी विचारावं; तिची पुढची पिढी जगू दिली, तरच आपल्या पुढच्या पिढीच्या वाट्याला काही उरतं.