खिडकीखालचा गवई

एकदा एक तरुण गाण्यात इतका निष्णात झाला, की त्यापायी त्याचे लग्नच अडले. हसू नका. ही गोष्ट फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावरची आहे, आणि ज्याचे अडले होते त्याला मुळीच हसू येत नव्हते.

त्याचे नाव देलफिन. गावातल्या वृद्ध गायनगुरूंकडे त्याने बारा वर्षे तालीम घेतली होती. जुन्या कवींची शेकडो पदे त्याला मुखोद्गत होती. चर्चमधल्या जुन्या चित्रांवर बोलायला लागला, की समोरचा जांभया देऊ लागला तरी तो थांबत नसे. आणि एवढा रसिक माणूस प्रेमात कोणाच्या पडावा? सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या! तिचे नाव लिगाया.

त्या मुलखात जुनी रीत अशी, की मुलीला मागणी घालायची तर दिवेलागणीला तिच्या खिडकीखाली उभे राहून गायचे. ह्याला हराना म्हणतात. गाणे मनाला भिडले, तर शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी उघडते आणि उमेदवाराला वर बोलावून आल्याचा गरम काढा देतात. आता सगळ्यांनाच कुठे गळा असतो? म्हणून ज्याचा आवाज फाटका, तो एखाद्या गाणाऱ्या मित्राला पुढे करतो. मित्र गातो आणि हा झाडामागे उभा राहून घाम पुसतो. सगळ्या गावाला हे ठाऊक असते. त्याला लबाडी असे कोणी म्हणत नाही.

देलफिनचा घात केला तो ह्याच रीतीने.

रविवारी गावचा उत्सव होता, आणि त्याच दिवशी एका खलाशाच्या घरचे लोक लिगायाला मागणी घालायला येणार होते. म्हणून गुरुवारीच देलफिन खिडकीखाली उभा राहिला. गिटारीवर साथीला प्रत्यक्ष गुरू. दोनशे वर्षांपूर्वीचे एक विरहगीत त्याने असे काही आळवले, की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली. खिडकी उघडली. व्यापाऱ्याने डोके बाहेर काढले.

"वा, वा! तृप्त झालो. बरं, आता नवऱ्या मुलाला पुढे काढा पाहू. कुठं लपलाय?"

"काका, मीच तो," देलफिन म्हणाला.

"असं सगळेच मित्र म्हणतात," व्यापारी हसला. मग त्याची नजर गिटार धरलेल्या गुरूंकडे गेली आणि चेहरा पडला. "अहो, ह्या वयात? जरा तरी लाज बाळगा."

खिडकी बंद झाली.

देलफिन रात्रभर तळमळला. आपले गाणे कमी पडले असा त्याने निष्कर्ष काढला. विद्वान माणूस, दुसरे काय सुचणार! शुक्रवारी त्याने त्याहून अवघड गीत निवडले आणि त्याहून निर्दोष गायले. ह्या वेळी व्यापारी खाली उतरून आला, त्याने देलफिनचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "बाबा रे, पलीकडच्या गावात माझ्या पुतण्याचं जुळवायचंय. त्याचा आवाज म्हणजे नुसता बेडूक. त्याच्यासाठी गाशील का?"

शनिवारी देलफिन रडकुंडीला आला. "गुरुजी, आज शेवटची संध्याकाळ. तुमच्याकडचं सगळ्यात अवघड गीत कोणतं?"

गुरूंनी एक नाव सांगितले. दोघे गेले. देलफिनने डोळे मिटून आलाप घेतला, पहिले कडवे झाले, दुसरे सुरू झाले, आणि ऐन रंगात गुरूंनी तारांवर पंजा ठेवला. गिटार काखोटीला मारली आणि सरळ चालते झाले.

"गुरुजी! अहो, निघालात कुठं?"

गुरूंनी मागे वळूनही पाहिले नाही.

साथ गेली तसे देलफिनचे शब्दही गेले. बारा वर्षांत पाठ केलेल्या शेकडो पदांपैकी एक ओळ आठवेना! वर तावदानामागे सावली हलली. ती आता निघून जाणार, हे दिसताच त्या भल्या माणसाने सुचेल ते गायला सुरुवात केली. आवाज कापत होता, सूर वाऱ्यावर गेले होते.

"लिगाया, मी रोज तुमच्या दुकानात येतो. मला मासळी नको असते गं. घरात तीन टोपल्या साठल्यात. आई म्हणते, कार्ट्या, वास मारतोय! मला मासळीची अ‍ॅलर्जी आहे, लिगाया, अंगावर पित्त उठतं…"

'पित्त' ह्या शब्दावर त्याचा आवाज चिरकला. कुत्री भुंकू लागली.

वरून खळखळून हसण्याचा आवाज आला. खिडकी सताड उघडली, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली लिगाया म्हणाली, "वर या. काढा ठेवलाय."

तिच्या मागून व्यापाऱ्याचे डोके आले. "हा मात्र खरा नवरा मुलगा हो! इतकं वाईट गायला कुणी मित्राला आणत नाही. उद्या त्या खलाशाकडे निरोप धाडतो. आणि तू रे, परवापासून लाकडं फोडायला ये." त्या मुलखात मागणी मान्य झाली, की जावयाला आधी सासरी राबावे लागते.

दुसऱ्या दिवशी देलफिन गुरूंकडे गेला. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांचा हात कपाळाला लावला, आणि मग मात्र रागावूनच विचारले, "मला असं उघड्यावर टाकून का गेलात?"

"अरे, ज्यांची पदं तू गात होतास ते सगळे थोर," गुरू म्हणाले. "त्यांचं साहित्य थोर, त्यांचं संगीत थोर. पण त्यांच्यापैकी एकानंही त्या मुलीला पाहिलं नव्हतं. तिला पाहिलं होतंस तू, आणि तुझं तू काही बोलतच नव्हतास. मी साथीला असेतो तू बोललाही नसतास."

देलफिन हळूच म्हणाला, "म्हणजे माझी बारा वर्षांची तालीम फुकटच गेली?"

"फुकट कशी?" गुरूंनी गिटार पुढे ओढली. "बस इथं. ते मासळीचं गाणं आता सुरात बसवू. बिचारीला जन्मभर ऐकायचंय."