कानविंदेकाकांचा खालचा मजला

आमच्या गावात एक भोळा दलाल आहे. तो मीच. मामा घरं भाड्याने लावून देतात. मला दुसऱ्या कोणी कामावर ठेवलं नसतं, म्हणून त्यांनी ठेवलं.

एकदा कानविंदेकाका आले. "खालचा मजला द्यायचाय. मांसाहारी नकोत, परधर्माचे नकोत."

मी मान डोलावली. तेवढ्यात शबाना मुलाणी आल्या, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. बदली झालेली, सोबत गुडघे धरलेली आई. चार ठिकाणी नकार ऐकून आल्या होत्या.

मी आदराने विचारलं, "काका म्हणतात परधर्माचे नकोत. तुमचा धर्म कुठला?"

"मी घर विचारलं होतं," त्या म्हणाल्या आणि आईला सावरत निघून गेल्या.

मामांनी कपाळाला हात लावला. "धर्म, जात, जेवण, काही विचारायचं नाही. असं विचारून गिऱ्हाईक गाळणं हा आपला धंदा नाही."

मी लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात एक माणूस उभा होता. मी त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही. सगळं घर दाखवलं, मोरीसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "छान आहे. पण विजेचा मीटर कुठाय? मी रीडिंग घ्यायला आलोय."

मामा म्हणाले, "अरे, नाव-गाव विचारावं. आणि काकांना सांग, आमच्याकडे सगळ्यांना नियम एकच."

मी काकांना तसं सांगितलं.

"एकच ना? मग लाव," काका गुरकावले. "माझ्या घरात मांसाहारी माणूस राहणार नाही. कोणीही असो."

कोणीही असो, हे मला पटलं. रविवारी मी काकांकडे गेलो. वरच्या मजल्यावरून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. ताटावर काका स्वतः.

मी लगेच शबानाताईंना निरोप धाडला, वरचा मजला रिकामा होतोय. त्या आईला आणि सामानाला रिक्षात घालून आल्या. मी जिन्यातून हाक मारली, "काका, हात धुऊन घ्या. नियमाप्रमाणे तुम्हाला घर सोडावं लागेल."

काकांचा घास हातातच राहिला. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बरोबर बोलतोय तो," त्या म्हणाल्या. मग खाली येऊन त्यांनी शबानाताईंच्या हातात खालच्या मजल्याची किल्ली ठेवली. "वर जिना चढायला नको. आईंचे गुडघे दुखतात ना?" वर काकांचे बोंबील गार होत होते.

मामा म्हणाले, तुझ्या हातून पहिल्यांदाच काम झालं.

झालं कुठे? काकांसाठी जागा मी अजून शोधतोय. मांसाहारी म्हटलं की कोणी देतच नाही.