नमुना क्रमांक एक

मधुमेहाच्या संशोधनासाठी चार हजार गावकऱ्यांनी शिबिरात रक्त दिलं. त्यांची माहिती एका सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद होती. बघायची तर तिथेच, बाहेर न्यायची नाही. पासवर्ड सांभाळायच्या हेमलता घोडके.

एके दिवशी संशोधन संस्थेचे संचालक त्रिलोकेकर औषध कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन आले. "बाई, सगळं पेनड्राइव्हवर द्या. नावं काढलीत ना? मग कोण कुणाला ओळखणार? जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी संगणक सुरू केला. नोकरी गेली तर? पण माहिती बाहेर जाणार नाही, हा शब्द गावकऱ्यांना त्यांनीच दिला होता. समोरच्या भिंतीवर फोटो होता: शिबिराच्या उद्घाटनाला पहिलं रक्त देणारे संचालक.

"देते सर, आधी खात्री करू," म्हणत त्यांनी पडद्यावरचं मोठ्याने वाचायला घेतलं. "नमुना क्रमांक एक. तारीख उद्घाटनाची. पुरुष, वय एकसष्ट, उंची सहा फूट दोन इंच."

पाहुण्यांनी फोटोकडे पाहिलं, मग संचालकांकडे.

"पुढे आजार आणि व्यसनं आहेत. वाचू?"

"थांबा!" संचालक ओरडले. "बंद करा ते!"

"का हो सर?" बाई म्हणाल्या. "नाव तर काढलंय."