ठकूमावशीची फोड

फार वर्षांपूर्वी सावरखिंडीत प्रत्येक घरामागे परस होतं, आणि भांडी घासलेलं पाणी तिथल्या भाजीला जायचं. त्या पाण्याबरोबर बियाही जायच्या आणि कुणी न लावलेलं काहीबाही उगवायचं. मेथीत भोपळा, मिरचीत कारलं, उकिरड्यावर दुधी. असं आपसूक आलेलं रोप उपटायला बायकांचा हात धजायचा नाही. आपल्या पायानं आलेल्या लक्ष्मीला घालवायचं कसं? म्हणून त्या ठकूमावशीला बोलवायच्या.

मावशी कमरेला खुरपं लावून यायची. ती वाफ्यात शिरली की नको असलेलं रोप आपणहून मुळं सैल करायचं, असं म्हणतात. कुणी गयावया केली, तर ती म्हणायची, "फळ येलावर जातंय गं, पर बी कुनावर गेलंय ते भुंग्यालाच ठावं." खरंच होतं ते. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधायला गावात कडू भोपळे लावलेले असत. भुंगा त्या फुलावरून या फुलावर जायचा, आणि गोड दुधीच्या बीत विष उतरायचं. तरी बायका मावशीला पाठीमागं निर्दय म्हणायच्याच.

मग तिची एकुलती लेक सोना बाळंतपणात गेली. जाण्याआधी काही दिवस तिनं दुधी चिरून त्यातल्या बिया मागल्या दारी फेकल्या होत्या. तिथंच एक वेल वर आला. मावशी खुरपं घेऊन त्याच्यापुढे बसली, उठली, पुन्हा बसली. गावभरचं उपटणाऱ्या त्या बाईला तेवढं एक रोप उपटवेना. हे सांगताना मला अजून वाईट वाटतं.

असं म्हणतात, की तो वेल दिवसाला हातभर वाढला. छपरावर चढला, तिथून चिंचेवर गेला आणि त्याला सात दुधी धरले. मावशी त्याच्याशी बोलत बसायची. पहिला दुधी तिनं शेजारच्या पारूबाईच्या सुनेला, हिराला दिला. हिराला सातवा महिना होता आणि तिला दुधीचेच डोहाळे लागले होते. दुसरा मावशीनं स्वतःसाठी चिरला. एक फोड तोंडात टाकली आणि थुंकली. कडूजहर होती.

ती अनवाणी धावली. हिरानं पहिला घास उचलला होता. दिवस गेलेल्या बाईचं तोंड तसंही कडूच असतं, तिला कळणार कसं? "कडू हाय गं!" म्हणत मावशीनं ताट उधळून दिलं.

पारूबाई भडकली. "तूच दिलंस, आन् आता सुनंच्या तोंडचा घास काढतीस? तुजी लेक गेली म्हनून आमचीनं खाऊ नये व्हय?"

आणि ती भांड्यातली उरलेली भाजी पुन्हा वाढायला लागली. मावशीला भांडंही फेकता आलं असतं. पण छपरावर अजून पाच दुधी लोंबत होते, आणि ते विषारी आहेत यावर पारूबाईचा विश्वास बसला नसता. मावशीनं भांडं ओढून घेतलं आणि तिथंच बसून सगळी भाजी खाल्ली.

तीन दिवस ती ओकत पडली होती. पारूबाईच तिच्या उशाशी बसून राहिली.

काहीजण म्हणतात, त्या तीन दिवसांत वेल आपणच वाळला. काहीजण म्हणतात, चौथ्या दिवशी मावशी भिंत धरून उठली आणि तिनं तो आपल्या हातानं उपटला. मला हे दुसरं खरं वाटतं. वेल आपणहून वाळला असता, तर मावशीला कुणी इतकी वर्षं लक्षात ठेवलं नसतं. त्यानंतर गूळही तिच्या जिभेला कडू लागायचा, असं म्हणतात. हिराला मात्र सुखरूप मुलगी झाली.

सावरखिंडीत आजही आपसूक आलेला वेल कुणी लगेच उपटत नाही. पहिलं फळ चिरलं, की ज्या बाईनं तो वाढवला तिनंच आधी एक फोड जिभेला लावायची. तिला म्हणतात ठकूमावशीची फोड. कडू निघाली तर थुंकायची, आणि वेल तिनंच उपटायचा, दुसऱ्याला सांगायचं नाही. त्या दिवशी घरात तिला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळची चूल शेजारीण पेटवून देते.