तेच वजन दहा वेळा

एकदा नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ संगणक दुरुस्तीचे दुकान चालवत असत. ज्ञानी माणसाची गोष्ट म्हटली की वाचकाला आश्रम, वटवृक्ष आणि शुभ्र दाढी अपेक्षित असते. या गृहस्थांची दाढी रोज गुळगुळीत असे आणि आश्रमाच्या जागी बसस्थानकामागचा एक गाळा होता. गाव त्यांना मामा म्हणे. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी बाजारातल्या व्यापाऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त केले. काटे इलेक्ट्रॉनिक झाले तेव्हा ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि तिथून हळूहळू संगणकांकडे आले.

त्यांच्याकडे केतकी नावाची एक शिष्या होती. डिप्लोमा झालेली, पंचविशीतली, हाताने चलाख आणि बोलण्यात त्याहून चलाख. कोणत्याही यंत्राला कारखान्याने जो वेग ठरवून दिला आहे तो कारखान्याच्या भित्रेपणामुळे कमी आहे, असे तिचे ठाम मत होते. ते अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. संगणकाच्या प्रोसेसरचा वेग सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि केतकीला त्याचा नाद होता. मित्रमंडळींत ती आधी वेगाचा आकडा सांगे आणि मग नमस्कार करे.

एके दिवशी चौगुले नावाचे अभियंते आपला संगणक घेऊन दुकानात आले. पुराच्या वेळी गावातल्या खालच्या वस्तीतली सहाशे माणसे कुठे हलवायची, हे ठरवणाऱ्या समितीचे गणित त्यांच्याकडे होते. इतका पाऊस पडला तर कुठे किती पाणी चढेल, हे त्यांचा संगणक काढून देई, परंतु एका हिशेबाला चौदा तास लागत. समितीची बैठक सोमवारवर आली होती.

"वेग वाढवून मिळेल का?" त्यांनी विचारले.

मामा त्या आठवड्यात बहिणीकडे गेले होते. केतकीने क्षणाचाही विचार केला नाही. "मिळेल की साहेब. तुमचं गणितही इथेच काढून देते."

तिने प्रोसेसरचा वेग वाढवला, आणि हात लागलाच आहे तर रॅमचाही, म्हणजे हिशेब चालू असताना आकडे धरून ठेवणाऱ्या चिप्सचाही. तासाभरात स्क्रीन निळी पडून संगणक बंद झाला. तिने व्होल्टेज थोडे वाढवले. तीन तास चालला आणि पुन्हा निळा झाला. मग तिने व्होल्टेज आणखी वाढवले, तसा प्रोसेसर तापू लागला, म्हणून मोठा पंखा बसवला. असे चार दिवस ती या यंत्राशी झुंजत होती. गुरुवारी मात्र संगणक एकदाही बंद न पडता चालला आणि चौदा तासांचे गणित नऊ तासांत पुरे झाले. निष्कर्ष असा होता की मोठ्यातल्या मोठ्या पुरातही शाळेच्या आवारात वीस सेंटिमीटर पाणी येईल. वर्ग दोन फूट उंच जोत्यावर आहेत. म्हणजे माणसांना शाळेत नेता येईल. चौगुले कागद घेऊन समाधानाने गेले. उरलेली गणिते करण्यासाठी संगणक दुकानातच राहिला.

शनिवारी सकाळी मामा परतले. केतकीने उत्साहाने सारी हकिकत सांगितली. मामांनी वेग किती वाढला ते विचारले नाही, प्रोसेसर किती तापतो तेही विचारले नाही. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचे एक पान फाडले आणि ते उलटे करून तिच्यापुढे ठेवले.

"यातलं शाळेपुरतं गणित वेगळं काढता येतं?"

"येतं. आठ मिनिटांत होतं."

"मग ते दहा वेळा कर. शाळेच्या आवारात पाणी किती, एवढा एकच आकडा इथे लिही."

"दहा वेगवेगळ्या पावसांचं?"

"नाही गं. तेच. काहीही न बदलता."

केतकीला हे विचित्र वाटले. बहिणीकडच्या आठ दिवसांत मामांचे वय जरा जास्तच वाढले की काय, अशीही शंका तिला आली. दोन अधिक दोन किती हे यंत्राला दहा वेळा विचारण्यात काय अर्थ आहे? पण मामांनी सांगितले म्हणून ती बसली. पहिल्यांदा वीस आले, दुसऱ्यांदा वीस. तिसरे, चौथे, पाचवे, सहावे, सगळे वीस. कंटाळून तिने सातवा आकडा न बघताच वीस लिहिला, आणि मग स्क्रीनकडे नजर गेली.

एकशे दहा.

तिने चष्मा काढून पुसला. तरी एकशे दहाच. म्हणजे शाळेच्या वर्गात पाणी, लहान मुलाच्या पोटापर्यंत. ना स्क्रीन निळी पडली होती, ना कसला इशारा आला होता. संगणक शांतपणे, जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू होता. आठव्यांदा पुन्हा वीस आले, नवव्यांदा वीस, आणि दहाव्यांदा चौसष्ट.

"मामा," ती म्हणाली, "हा बंद तर पडत नाही. मग असं कसं?"

मामांनी पान हातात घेतले. त्यांना राग आलेला नव्हता. खरे सांगायचे तर त्यांना मौज वाटत होती, जुन्या ओळखीचा माणूस अनपेक्षित ठिकाणी भेटावा तशी.

"काटा तपासायला आला की मी एकच माप दहा वेळा ठेवायचो," ते म्हणाले. "बंद पडलेल्या काट्याची मला कधी भीती वाटली नाही. तो कुणाला फसवत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, एवढंच. भीती चालणाऱ्या काट्याची. छान हलतो, छान थांबतो, आणि दर वेळी निराळं सांगतो. पहिले चार दिवस हे यंत्र चुकलं की पडत होतं. पडून ते तुला सांगत होतं की मला हे झेपत नाही. तू त्याचं पडणं थांबवलंस, केतकी. चुकणं तसंच राहिलं. आता ते चुकतं आणि गप्प बसतं."

केतकीला गुरुवारचा कागद आठवला. तो चौगुल्यांच्या हातात होता. त्यावरचे वीस खरे होते की यंत्राने चुकून दिलेले, हे सांगण्याचे काहीही साधन तिच्यापाशी नव्हते.

"मामा, एक करूया," ती घाईने म्हणाली. "मी आज दोष शोधते. उद्या सगळं गणित पुन्हा काढते. वीसच आलं तर त्यांना सांगायची गरजच नाही. वेगळं आलं तर सांगू. बैठक सोमवारी आहे."

मोह अगदी समजण्यासारखा होता. आपणही तिच्या जागी हेच म्हटले असते. निदान मी तरी म्हटले असते.

"आणि आज चौगुले कुठे आहेत?" मामांनी विचारले.

ते खालच्या वस्तीत होते. घरोघरी जाऊन लोकांना सांगत होते की पाणी वाढले की शाळेत यायचे. केतकीला हे ठाऊक होते, कारण गुरुवारी जाताना त्यांनीच सांगितले होते. तिने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"साहेब, केतकी बोलतेय. मी दिलेल्या आकड्यावर आत्ता विश्वास ठेवू नका. आणि कृपा करून कुणाला शाळा सांगू नका."

पलीकडे बायकामाणसांचा गलका ऐकू येत होता. चौगुले बाजूला झाले असावेत. "चुकलाय आकडा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय, बाई? मी इथे वीस घरांत सांगून बसलोय. परवा तुम्हीच म्हणालात, नऊ तास सलग चाललं. मध्ये कुठे थांबलं होतं का?"

"नाही थांबलं, साहेब," केतकी म्हणाली. "म्हणूनच फोन केला."

चौगुले जे काही पुढे बोलले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. ते त्यांच्या जागी बरोबर होते. केतकीने सगळे ऐकून घेतले, रविवारी संध्याकाळपर्यंत खरे काय ते कळवते असे सांगितले आणि फोन ठेवला. तिचे कान तापले होते.

त्यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. लपवायचे काही उरले नाही आणि तिला कुतूहल वाटू लागले. चार दिवस ती यंत्राला गप्प करण्याच्या मागे होती. आता ते नेमके कुठे चुकते हे तिला पाहायचे होते. मामांनी तिला एवढेच सांगितले की एका वेळी एकाच गोष्टीला हात लाव. तिने सर्व काही कारखान्याच्या मूळ सेटिंगवर नेले आणि तेच गणित दहा वेळा केले. दहाही वेळा वीस. मग फक्त प्रोसेसरचा वेग आणि त्याचे व्होल्टेज चढवले. दहाही वेळा वीस. मग रॅमचा वेग चढवला, आणि चौथ्यांदा अठ्ठ्याऐंशी आले.

"रॅम," ती हळूच म्हणाली. "मी प्रोसेसरला शिव्या देत होते, आणि चूक तर रॅममध्ये."

"कशी कळली?" मामांनी विचारले. त्यांना उत्तर माहीत होते, तरीही विचारले.

"सगळं एकदम बदलत होते, तेव्हा कोण चुकतंय ते दिसतच नव्हतं."

तिने रॅमचा वेग मूळ जागी आणला. तेव्हा मामा म्हणाले, "प्रोसेसरही दोन पायऱ्या खाली आण."

"का? तो तर दहापैकी दहा वेळा बरोबर आहे."

"आज आहे. या पंख्याखाली, या हवेत. मे महिन्यात साहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसात तो कुठे बसणार आहे, ते तुला ठाऊक नाही. जिथवर पोहोचता येतं तिथे मुक्काम करू नये, थोडं अलीकडे करावा."

केतकीने दोन पायऱ्या उतरवल्या, पुन्हा दहा वेळा तपासले, आणि रविवारी सकाळी सातला पूर्ण गणित लावले. नऊ तासांचे काम आता अकरा तासांचे झाले होते. संध्याकाळी सहाला उत्तर आले. शाळेच्या आवारात पाणी वीस सेंटिमीटर.

तिला हसावे की रडावे ते कळेना.

"मामा, आकडा तोच आला. कालचा फोन केला नसता तरी काही बिघडलं नसतं. उगाच बोलणी खाल्ली."

"नसतं बिघडलं," मामा म्हणाले. "गुरुवारी तुझा आकडा बरोबर होता, ते आपलं दैव. तो बरोबर आहे हे आज तुला ठाऊक आहे. सहाशे माणसं शाळेत न्यायची, ती यातल्या कशाच्या भरवशावर?"

केतकीने चौगुल्यांना फोन लावला आणि शाळेच्या आवारात वीस सेंटिमीटरच पाणी येते, असे सांगितले. दोष कुठे होता, तो कसा सापडला, वेग आता पूर्वी सांगितला होता त्याहून कमी आहे, हेही न विचारता सांगितले. यंत्र मध्ये थांबले होते का, हे चौगुल्यांनी या वेळी विचारले नाही.

"किती वेळा काढून पाहिलंत?" ते म्हणाले.

"पूर्ण गणित एकदा. शाळेपुरतं दहा वेळा."

"दहाही वेळा हाच आकडा?"

"हाच."

"बरं," चौगुले म्हणाले. "मग मी शाळा लिहितो."